सूत्र पाठ, गृहीतकाचे काय?

दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलांपुढे एक प्रश्न हमखास येतो: गणित घ्यायचे की एस.पी.? टक्केवारी सुरक्षित राहावी म्हणून अनेक जण गणित सोडतात. अ‍ॅक्च्युअरी, म्हणजेच विमागणितज्ञ होण्याची वाट तिथेच अवघड होऊन बसते. माणसे किती जगतील, किती आजारी पडतील आणि त्यासाठी आज किती पैसा बाजूला ठेवावा, हा हिशेब या पेशाचा गाभा आहे. आयुर्विमा, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन त्यावरच उभे असते. मग ज्यांनी गणित घेतले, त्यांची तरी तयारी पुरेशी असते का?

सगळा दोष अभ्यासक्रमाला देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात संभाव्यता, सांख्यिकी आणि अर्थनियोजन आहे. बारावी वाणिज्यच्या गणितात विमा व वार्षिकी आणि संभाव्यता वितरण यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. कॅलक्युलस तर वाणिज्य आणि विज्ञान या दोन्ही शाखांत आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला लागणारी अवजारे बहुतांशी इथेच हाती येतात. उणीव आहे ती वेगळीच.

पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यातला एक काल्पनिक हिशेब पाहू. 1,000 कामगारांपैकी वर्षाला सरासरी 2 जणांचा मृत्यू होईल असे धरले आणि प्रत्येक कुटुंबाला 1 लाख रुपये द्यायचे ठरले, तर प्रत्येक कामगाराकडून 200 रुपये जमवावे लागतील. हे सातवीचे गणित. पण सरासरी 2 म्हणजे दरवर्षी नेमके 2 नव्हेत. द्विपद वितरणाने मांडले तर एखाद्या वर्षी 5 किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 5 टक्के, म्हणजे साधारण 20 वर्षांतून एकदा, अशी निघते. त्या वर्षी जमा असतील 2 लाख आणि द्यावे लागतील किमान 5 लाख. हे बारावीचे गणित. सभासद 1 लाख असतील, तर मात्र सरासरीच्या अडीचपट मृत्यू होण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते. समूह मोठा असला की विमा परवडतो, तो यामुळेच.

इथवर पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात. खरा प्रश्न पुढे आहे. या साऱ्या हिशेबात एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या मृत्यूपासून स्वतंत्र आहे, असे गृहीत धरलेले असते. 7 जून 2021 रोजी पिरंगुटजवळच्या उरवडे येथे रसायनांच्या कारखान्याला आग लागली आणि 17 कामगारांचा जीव गेला. त्यांत बहुतेक महिला होत्या. एका छपराखाली काम करणाऱ्यांची जोखीम एकमेकांपासून सुटी नसते. कोविडच्या साथीने हेच जगभर दाखवून दिले. अशा वेळी सूत्र चुकलेले नसते, ते लावण्याची जागा चुकलेली असते.

परीक्षेत गृहीतक प्रश्नातच छापून येते. विद्यार्थ्याने फक्त उत्तर काढायचे. अ‍ॅक्च्युअरीला ते स्वतः निवडावे लागते, तपासावे लागते आणि का निवडले हे इतरांना समजेल असे लिहावे लागते. आकडेवारी कोणाची, किती जुनी, तीच परिस्थिती पुढे राहील का, हे प्रश्न आधी येतात. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि सांख्यिकीबरोबर आकडेवारीचा अर्थ लावणे, तर्क आणि इंग्रजी यांनाही स्थान मिळाले, ते उगाच नाही.

त्यासाठी नवे पुस्तक यायची वाट पाहण्याची गरज नाही. या क्षेत्राचा विचार करणाऱ्यांनी अकरावीत गणित सोडू नये. शिक्षकांनी संभाव्यतेच्या प्रत्येक उदाहरणाखाली एकच जादा प्रश्न घालावा: हे उत्तर कधी चुकेल? चुकीच्या गृहीतकाची किंमत परीक्षेत एखाद्या गुणाची असते. बाहेर ती अशा कुटुंबांना मोजावी लागते, ज्यांच्यासाठी विमा काढलेला असतो.