कार्डावर ‘हो’ लिहा



गेल्या महिन्यात आमच्या भिशीत एकीने कौतुकाने सांगितलं, “मी तर सगळं नेलं, पेढे, लोणचं, मसाले. कार्डावर ‘नाही’ लिहून टाकलं. कुणी विचारलंसुद्धा नाही!” सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसू टोचत राहिलं, कारण दोन वर्षांपूर्वी तेच ‘नाही’ लिहिण्याच्या बेतात मी स्वतः होते.

लेकीचं बाळंतपण मेलबर्नला होतं. तिकडे सासूबाई नाहीत, जाऊ नाही, कुणी नाही. मी पोचायलाच हवं होतं. पुतण्याने स्वस्तातल्या कंपन्यांची तिकिटं शोधली: मुंबईहून सिंगापूर एक, पुढे दुसरं. मी बी.कॉम. आहे, हिशोब केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. कागद घेऊन बसले, तर तिकिटाचा आकडा नुसता खुर्चीचा निघाला. सामानाचे वेगळे, हवी ती जागा निवडायचे वेगळे, जेवणाचे वेगळे. सामान आधी घरूनच भरून ठेवलं तर कमी पैसे, काउंटरवर वजन वाढलं तर भारी. त्यात लेकीने फोनवर विचारलं, “आई, दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर आहेत ना?” नव्हती. तशी वेगवेगळी असली की मधल्या गावी आपली बॅग आपणच उचलून पुन्हा द्यावी लागू शकते, म्हणजे त्या देशात शिरावं लागतं, आणि त्याला व्हिसा लागू शकतो. वाचलेले पैसे तिथेच गेले असते. मग एकाच बुकिंगवरचं, थोडं महाग तिकीट काढलं. मुली-सुनांनी तिकीट काढून दिलं तरी एवढं एक विचाराच.

मलकापूरहून रात्रीच्या विदर्भने निघालो. मुंबईला काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “बॅगेत सुकं खोबरं आहे का?” होतं की! डिंकाच्या लाडवांसाठी दोन किलो वाट्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून ते सामानाच्या बॅगेतही चालत नाही. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातल्या पिशवीतच ठेवायची. खोबरं मुलाकडे परत दिलं. तो मुंबईभर खोबऱ्याची पिशवी घेऊन फिरला, असं अजून ऐकवतो.

विमानात बाहेरचं खाणं चालणार नाही म्हणाले आणि विकत मिळणाऱ्यात आपलं काही नव्हतं. मोठ्या कंपन्यांकडे जैन जेवण आधी सांगून ठेवता येतं, स्वस्तातल्या सगळ्यांकडे ती सोय नसते. माझा चौविहार होता. कोणत्या गावचा सूर्यास्त धरायचा, हा प्रश्न समुद्रावर पडला. मी आपला मलकापूरचा धरला.

पुढे मेलबर्नच्या आधी ते कार्ड हातात आलं. खाण्याचे पदार्थ, दुधाचे पदार्थ, झाडपाला, बिया, काही आहे का? खाली सही. माझ्या बॅगेत खाकरे, मुगाचे पापड, मेतकूट, खव्याचे पेढे. निघताना भिशीतल्या दोघी-तिघींनी बजावलेलं, “सरळ नाही लिहा, नाहीतर सगळं काढून घेतात.” पेन ‘नाही’च्या चौकोनावर टेकलंही होतं.

मी थांबले ते धर्म आठवून, असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे भीती वाटली. २०१९ पासून तिथे असं लपवताना सापडलं तर दंड आहेच, पर्यटकाचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. पेढ्यांपायी मला परतीच्या विमानात बसवलं असतं तर लेकीजवळ कोण होतं? ‘हो’ लिहिलं. सत्याचं व्रत नंतर आठवलं, आणि थोडी लाज वाटली की आधी का नाही.

अधिकारी बाई होत्या. बॅग उघडली, पेढे काढले. तळाशी वाळवलेल्या कढीपत्त्याची पुडी निघाली, ती तर मी विसरूनच गेले होते. तीही काढली. खाकरे, पापड, मेतकूट बघून परत ठेवलं. दंड नाही, ओरडणं नाही. आपण सांगितलेलं असलं की नको ती वस्तू फक्त काढून घेतात.

पेढे गेल्याचा राग मला दोन दिवस होता. मग जावयांनी कारण सांगितलं. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, तिकडे तो नाही, म्हणून आपल्या दुधाची मिठाई नको. आणि कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्या कुळातला. त्याच्या पानावरून येणारी कीड बागांना रोग लावते. आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोदकडे ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत त्यांना विचारा, झाड वाळताना बघून काय होतं ते. आपण पाण्याचा थेंब गाळून पिणाऱ्या बायका. दुसऱ्याच्या गोठ्याला आणि बागेला आपल्या पुडीतून रोग जाऊ शकतो, हे समजल्यावर ‘कुणी विचारलंसुद्धा नाही’ यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

“नियम तोडले असं थोडंच आहे, घरचंच तर खाणं,” असं म्हणणाऱ्या भेटतील. पण खोट्यावर सही आपणच करतो, आणि मुलंही तिकडेच राहतात, त्यांना त्या देशात मान खाली घालायला लावू नये.

लाडू झालेच. डिंक, खारीक, खोबरं सगळं तिथल्या भारतीय दुकानात मिळालं. महाग होतं, हिशोब वहीत आहे.

परवा भिशीतली दुसरी एक मुलाकडे दुबईला निघाली आहे. खसखस लावलेले अनारसे नेऊ का, म्हणाली. खसखस आपल्याकडे बहुबीज म्हणून बऱ्याच जणी वर्ज्य करतात, पण दुबईत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, सिंगापुरातही. तिला म्हटलं, अनारसे तीळ लावून करा. आता डबा माझ्यासमोरच भरायला बोलावलं आहे.