हात कुठून घालायचा?

मागच्या वेळी कॉकपिटबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं की किटमध्ये नसलेले भाग आणता कुठून? आणत नाही, घरीच करतो. या वेळचा भाग म्हणजे कॅनबेरा विमानाची पोटातली बॉम्ब ठेवायची जागा, बॉम्ब बे. माझ्या १:७२ च्या किटमध्ये तिथे नुसती पोकळी होती.

कॅनबेराच का? हे ब्रिटिश जेट बॉम्बर १९५७ पासून २००७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं आपल्या हवाई दलात होतं. आग्रा हा त्याचा मोठा तळ, आपल्या ग्वाल्हेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. माझे मामा तिथे आर्मामेंट फिटर होते. त्यांना दाखवायचं म्हणून हे मॉडेल.

पहिली अडचण जाडीची. खऱ्या विमानाचा १ मिमीचा पत्रा या मापात ०.०१४ मिमी होतो. माझ्याकडची सगळ्यात पातळ प्लास्टिक शीट ०.२५ मिमी, म्हणजे खऱ्या मापात १८ मिमी, चांगली फळीच! पण डोळा जाडी मोजतो ती कडेवर. म्हणून दारांच्या आणि फ्रेमच्या कडा आतल्या बाजूने तिरक्या घासल्या. मधली जाडी तशीच राहिली, ती कोणाला दिसत नाही. वायरींसाठी जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार काढली, पाइपांसाठी सोल्डरची तार वापरली. सोल्डर हाताने वाकते आणि वाकवली तशी राहते, हा तिचा मोठा गुण. मात्र ती सुपरग्लूनेच चिकटते, प्लास्टिकच्या गोंदाने नाही.

मध्ये एक ढोबळ चूक केली. आपल्याकडच्या बी(आय)५८ कॅनबेरात बेच्या मागच्या भागात २० मिमीच्या चार हिस्पानो तोफांचा संच बसतो. तो लावला की पुढे १,००० पौंडांचे तीनच बॉम्ब मावतात. मी तोफाही केल्या आणि बॉम्बही सहा. प्रत्येक बॉम्ब जेमतेम ६ मिमी जाडीचा, शेपटीला चार पंख. तीन परत डब्यात गेले. अशा वेळी कोड डिलीट करणं फार सोपं वाटतं.

महिनाभराने बे तयार झाला. भिंतीभर वायरी, पाइप, डबे, फ्रेमला पिन व्हाइसने पाडलेली भोकं. पातळ काळसर रंग फिरवल्यावर तर तो फारच खरा दिसायला लागला. फोटो टाकला आणि लोकांनी कौतुकही केलं. मग रविवारी मामांकडे घेऊन गेलो.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवून भिंग धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘अरे, छान आहे. पण हात कुठून घालायचा?’’

मला समजलं नाही. त्यांनी टूथपिक घेतली आणि दाखवायला लागले. बॉम्ब खालून वर चढवून कॅरियरला अडकवला की तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंचे क्रच घट्ट करावे लागतात. मग सेफ्टी पिना बघायच्या. हे सगळं खाली उभं राहून, मान वर करून, अनेकदा रात्री. ‘‘तू पाइप नेमका क्रचच्या समोरून नेलास. माझा पाना तिथे फिरणारच नाही. आणि हा डबा तर डोक्यालाच लागेल.’’

मग स्वतःचे दोन्ही हात वर करून त्यांनी हवेत पाना फिरवून दाखवला. उजवा खांदा आता पूर्ण वर जात नाही, तरी बोटांना अंतर पाठ होतं. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला, एकदा समोरून, एकदा बाजूने. मामी आतून म्हणाल्या, ‘‘अहो, चहा निवतोय,’’ तर त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी जे केलं होतं त्यात जागा भरायची म्हणून भरलेलं बरंच होतं. फोटोत दिसणाऱ्या वायरी मोजल्या आणि मोकळ्या जागेलाही काम असतं, हे विसरलो.

घरी येऊन चिमट्याने अकरा तुकडे उपटले. दोन फ्रेम तुटल्या, त्या पुन्हा केल्या. आता बे पहिल्यापेक्षा रिकामा दिसतो आणि फोटोत तर साधाच वाटतो. दोन क्रच अजून बसवायचे आहेत. ते मामांसमोर बसवायचे ठरलंय. त्यांनी सांगितलंय की पुढच्या रविवारी येताना मोठं भिंग आण, हे जुनं झालं.