वाऱ्याचं पोर आणि बापाची चाबी

चला, एक छोटंसं क्विझ. सुपरहिरो ओळखा!

वय एकदम कोवळं. पॉवर वडिलांकडून आलेली. पहिल्याच उड्डाणात एवढा मोठा अपघात, की जबडा मोडला. त्यातून बरा झाल्यावर शहाणपण आलं असेल? छे! उलट ताकद आणखी वाढली आणि तिच्याबरोबर मस्तीही. लोकांच्या वस्तू मोडायच्या, कपडे फाडायचे, घरच्यांचं एक अक्षर ऐकायचं नाही. शेवटी वैतागून मोठ्यांनी त्याची पॉवरच लॉक करून टाकली.

स्पायडरमॅन? नाही, त्याला कोळी चावला होता. क्रिश? जवळ आलात. 2006च्या त्या सिनेमात पॉवर बापाकडूनच आली होती आणि ती लपवायला आजी नातवाला घेऊन डोंगरात राहायला गेली होती. पण आपला हिरो त्याच्याही कितीतरी आधीचा. उत्तर तुमच्या गावाच्या वेशीवर शेंदूर लावून उभं आहे.

मारुतीराया!

आपल्याला ठाऊक असलेला मारुती म्हणजे हात जोडून बसलेला आदर्श दास. 2005 साली अ‍ॅनिमेशनपट आला आणि तो आणखी गोडगोड झाला. लहानपणी सूर्य गिळायला निघालेलं बाळ, मोठेपणी थेट लंका. मधली वर्षं आपल्या आठवणीतून गायब! पण खरी गोष्ट त्या मधल्या वर्षांत आहे. रामायणाच्या उत्तरकांडात खुद्द राम अगस्ती ऋषींना विचारतो, की हा एवढा बलवान, मग वाली सुग्रीवाला छळत होता तेव्हा गप्प का बसला? प्रश्न अगदी रास्त. आणि अगस्ती उत्तरादाखल या हिरोच्या टीनएजची फाइल उघडतात.

फाइल अशी. अंजनी फळं आणायला गेलेली, पोराला भूक लागलेली, समोर लालभडक सूर्य. फळ समजून घेतली उडी. नेमकी त्याच दिवशी सूर्याला ग्रासायची ड्यूटी राहूची होती. तो घाबरून इंद्राकडे धावला. इंद्र ऐरावतावर बसून आला, तर या पठ्ठ्याने ऐरावतालाच आणखी मोठं फळ समजून त्याच्यावर झेप घेतली. मग बसलं वज्र. डावी हनुवटी मोडली आणि पोर डोंगरावर कोसळलं. हनुमान हे नाव त्या मोडक्या हनुवटीवरून आलं.

इथपर्यंत आपल्याला माहीत असतं. पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. पोराचा बाप कोण? वायू. सगळ्या जगाचा श्वास ज्याच्या हातात, असा बाप! त्याने काय केलं? पोराला उचललं, गुहेत जाऊन बसला आणि वाहायचाच थांबला. माणसं, प्राणी, देव, सगळ्यांचे जीव गुदमरले. चूक कोणाची, सुरुवात कोणी केली, हे प्रश्न विचारायची सोयच उरली नाही. ‘माझ्या पोराला हात लावला ना, मग बघतोच!’ ब्रह्मदेवाला पुढे घालून सगळे देव हजर झाले. पोराला उठवलं आणि वरांचा पाऊस पाडला. इंद्राने वज्रापासून अभय दिलं, सूर्याने आपल्या तेजाचा शंभरावा भाग दिला. वरुण, यम, कुबेर, कोणी मागे राहिलं नाही. म्हणजे, अपघाताची भरपाई म्हणून पोराला आधीपेक्षा मोठी गाडी!

ओळखीचं वाटतंय ना?

19 मे 2024च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या एका मुलाने भरधाव चालवलेल्या पोर्शने मोटरसायकलला उडवलं. दोन तरुण इंजिनिअर गेले. दोघंही 24 वर्षांचे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच, नोकरीसाठी पुण्यात आलेले. बालन्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. त्यातल्या अटींपैकी एक होती अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. देशभर संताप उसळला, तेव्हा मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली आणि मुलाच्या आईवडिलांनाही.

मला इथे त्या मुलाची आणि मारुतीची तुलना करायची नाहीये. अज्ञानी बाळाने फळ समजून उडी मारणं वेगळं आणि सतराव्या वर्षी स्टिअरिंग धरणं वेगळं. माझा प्रश्न वायूबद्दल आहे. पोरगं पडल्यावर बापाने काय करायचं? श्वास रोखून धरण्याची ताकद असली, की ती वापरायचा मोह देवालासुद्धा आवरत नाही, एवढं प्रामाणिकपणे ती जुनी गोष्ट सांगते. आणि त्यापुढे जाऊन हेही सांगते, की असं वाचवलेलं पोर सुधारत नाही. वर मिळाल्यावर मारुती आश्रमांत घुसला. यज्ञाच्या पळ्या मोडल्या, भांडी फोडली, ऋषींची वल्कलं फाडली. केसरीने समजावलं, वायूने समजावलं. पण आता ऐकतो कोण? जो बाप काल जग थांबवू शकला, तो आज पोराला थांबवू शकला नाही.

मग ऋषींनी शाप दिला. आणि हा शाप मला जाम आवडतो. आपल्याकडचे ऋषी म्हणजे एकदम हायपर. पाणी हातात घेतलं की समोरचा दगड तरी होतो नाहीतर राख. इथे भृगू आणि अंगिरस कुळातले हे ऋषी फारसे न रागावता एवढंच म्हणाले, की बाळा, तुझी ताकद तुला बराच काळ आठवणार नाही. कोणी तुला तुझ्या कीर्तीची आठवण करून देईल तेव्हा ती पुन्हा वाढेल. बघा हं, ताकद काढून घेतली नाही. फक्त तिला कुलूप लावलं आणि चाबी त्याच्या स्वतःच्या खिशात न ठेवता दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी ठेवली. शाप कसला, हे तर लर्निंग लायसन्स!

ही चाबी शेवटी कोणी फिरवली तो सीन कुठल्याही ऑफिसात घडावा असा आहे. समुद्रकिनारी मीटिंग भरलीये. लंका 100 योजनं लांब. प्रत्येक जण आपापलं टार्गेट सांगतोय. गज म्हणतो मी 10 योजनं उडी मारीन, गवाक्ष म्हणतो 20. असं करत सुषेण 80वर येतो. म्हातारा जांबवंत म्हणतो, आता वय झालं, 90पर्यंत जमेल. युवराज अंगद, वालीचा पोरगा, म्हणतो मी 100 जाईन, पण परत येईन की नाही सांगता येत नाही. (किती प्रामाणिक टीनएजर! आमच्या ओळखीतले पहिलं अर्धंच बोलतात.) आणि या सगळ्या गलक्यात एक जण बाजूला गप्प बसलाय. जांबवंत त्याच्याकडे जातो. मोटिव्हेशनल स्पीच वगैरे काही नाही. तो फक्त त्याचा बायोडेटा त्यालाच ऐकवतो. तू कोणाचा, लहानपणी काय केलंस, काय करू शकतोस. बस्स. पुढची उडी सगळ्यांना माहीत आहे.

आता फरक बघा. पहिली उडी स्वतःच्या भुकेसाठी होती, ही दुसऱ्याच्या कामासाठी. पहिल्या वेळी परिणामांची फिकीर नव्हती. या वेळी लंका जाळून झाल्यावर मारुती एकदम हबकतो. अरे, या आगीत सीताच जळाली तर? रागाच्या भरात मी हे काय करून बसलो? सुंदरकांडात तो चक्क स्वतःला शिव्या घालतो. सीता सुखरूप आहे हे कळल्यावरच त्याच्या जिवात जीव येतो. मोठं होणं म्हणजे मस्ती संपणं नव्हे, हे मला इथे पटतं. आग लावून झाल्यावर का होईना, कुणी न विचारता ‘कोणाला लागलं तर नाही ना?’ हा प्रश्न स्वतःलाच पडणं, म्हणजे मोठं होणं.

आता थोडं आमच्या जालन्याकडे. महाराष्ट्रात मारुतीची शक्तीचा देव म्हणून ठिकठिकाणी स्थापना करणारा माणूस जालना जिल्ह्यातलाच. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608च्या रामनवमीचा जन्म, नाव नारायण ठोसर. हा पोरगासुद्धा काही कमी नव्हता. परंपरेतल्या गोष्टींत तो झाडांवरून उड्या मारतो, डोहात सूर मारतो आणि बाराव्या वर्षी ‘सावधान’ हा शब्द ऐकून भर लग्नातून पळून जातो. आमच्याकडे नवरदेवाला लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला नेतात. हा नवरदेव बहुधा ते दर्शन फारच मनावर घेऊन आला!

आजच्या नजरेने हा बेजबाबदारपणाच. मांडवात उभ्या राहिलेल्या त्या मुलीचं काय, हा प्रश्न गोष्ट रंगवून सांगणारे सहसा घेत नाहीत. तो घ्यायला हवा. पण पळून गेल्यावर त्याने काय केलं? परंपरा सांगते, की नाशिकजवळ टाकळीला तो 12 वर्षं राहिला. पहाटे नदीच्या पाण्यात उभं राहून जप, सूर्यनमस्कार, माधुकरी. पुढची 12 वर्षं पायी देश पाहिला. म्हणजे ऋषींची वाट न बघता स्वतःच स्वतःच्या ताकदीला कुलूप घातलं. आणि मग साधारण 1645 ते 1655च्या दरम्यान कृष्णाखोऱ्यात शहापूर, मसूर, उंब्रज, शिराळा असे 11 मारुती उभे केले. त्यातले दोन एकट्या चाफळला आहेत. रामापुढे हात जोडलेला दास मारुती आणि देवळामागे प्रताप मारुती. देव तोच, आवार तेच.

या सगळ्यात एक माणूस मात्र आपण विसरतो. थोरला भाऊ गंगाधर. धाकटा पळाला तेव्हा आई राणूबाईंना, घराला, गावाला ज्याने सांभाळलं तो. संप्रदायात त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतात, आणि ते उगाच नाही. 24 वर्षांनी धाकटा आईला भेटायला जांबला आला असं सांगतात. तो येऊ शकला, कारण येण्यासाठी घर शिल्लक होतं.

जालन्यातून पुण्या-मुंबईला आलेल्या प्रत्येकाला हे घर ठाऊक आहे. बियाण्यांचं आणि सळयांचं गाव आमचं. कुणाचा कारखाना, कुणाची आडत, कुणाची वीस एकर मोसंबी. एक भाऊ इथे लॅपटॉपवर, दुसरा तिथे बापाच्या गादीवर. आणि एक तिसरा, सतरा वर्षांचा, ज्याचा रात्री फोन येतो, ‘दादा, पप्पांना सांग ना, नवीन गाडी मी जालना-संभाजीनगर एकदा मारून येतो. समृद्धीवर मस्त पळते बे!’

पळते, खरंय. समृद्धीवर कारला 120ची मर्यादा आहे आणि सतरा वर्षांच्या पोराला शून्याची. 2019मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कायद्याने वायूलाच गुहेतून बाहेर बोलावलंय म्हणा ना. पण रात्री अकराला चाबी खुंटीवरून कोण काढतंय, हे बघायला कायदा घरात येत नाही.

घरात कोण असतं? तुम्ही. वाईट वाटून घेऊ नका, पण पंचविशी-तिशीत आलेली आपली जनता आता या गोष्टीतला हिरो राहिलेली नाही. आपला रोल बदललाय. बाप वायू असणारच, तो त्याचा स्वभाव आहे. ‘नाही’ म्हणणारे ऋषी आणि वेळ आल्यावर ‘तू करू शकतोस’ म्हणणारा जांबवंत, दोन्ही आता आपल्यालाच व्हायचंय. नुसते ऋषी झालो तर पोर क्रिशसारखं डोंगरात लपून राहील. नुसते जांबवंत झालो तर... कल्याणीनगर लांब नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तो फोन आला, की पप्पांकडे वशिला लावू नका. सरळ सांगा, ‘आता नाही.’ आणि दिवाळीला गावी गेलात, की गाडी तुम्ही चालवा, त्याला शेजारी बसवा. जालन्याहून जांबला जाऊन या. तो पूर्ण रस्ता तोंड फुगवून बसेल, बसू द्या. परत येताना त्याला तो काय काय करू शकतो ते सांगा. गाडी सोडून.