वाळत घालायची तार

खांबावरून मीटरपर्यंत येते ती सर्व्हिस वायर. तिच्यात २३० व्होल्टची वीज असते. ऊन-पाऊस खाऊन, पत्र्याला घासून तिचं आवरण फाटतं. मग वीज पत्र्यात, लोखंडी पाइपात उतरते. त्याच पाइपाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असली, तर तिच्यातही! ओला टॉवेल टाकला, की जिवावर बेततं.

बरं, मेन स्विच मीटरच्या पुढे. तो बंद केला तरी ही वीज थांबत नाही!

आजच अंगणात बघा. तशी तार दिसली तर हात न लावता आईबाबांना सांगा. वायरमनकडून सोडवून घ्या. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी, तीही पाइपापासून लांब. वायर फाटलेली दिसली तर १९१२ वर कळवा. बघाल ना?