पाकिटातली जिवंत बुरशी

बुरशी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेसमधला शिळा ब्रेड, नाहीतर पावसाळ्यात कपाटात राहिलेले बूट! पण मित्रांनो, काही बुरशा पिकावरच्या किडी मारतात, आणि शिरपूरच्या कपाशीला त्यांचा चांगला उपयोग होऊ शकतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'तुडतुडे' हा शब्दसुद्धा होस्टेलला आल्यावर कळला. तरीही या विषयावर माझं ठाम मत झालंय, ते मांडते.

१८३५ साली इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी दाखवून दिलं, की रेशमाच्या अळ्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो. त्यांच्याच नावावरून ती 'बिव्हेरिया बॅसियाना' झाली. तिचे बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतात, ओलावा मिळाला की रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. म्हणजे अळीच्या पोटातच जायला हवं असं नाही, अंगाला लागली तरी पुरे. हुमणीसाठी मेटारायझियम, मावा-पांढऱ्या माशीसाठी लेकॅनिसिलियम (जुनं नाव व्हर्टिसिलियम) वापरतात.

मग शेतकरी नाक का मुरडतात? माझ्या रूम पार्टनरचे वडील म्हणाले, "रासायनिक मारलं की सकाळी अळी मेलेली दिसते. ही बुरशी चार-आठ दिवस घेणार, तोवर मी काय बघत बसू?" काकांचं चूक नाही. पण दुसरी बाजूही बघा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पाठीवर पंप घेऊन फवारणारे आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, भाऊ आहेत!

बुरशी म्हणजे जादूची कांडी नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की बाहेरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. बुरशीला दमट हवा आणि साधारण २५ ते ३० अंश तापमान मानवतं. कडक उन्हात बीजाणू मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. बुरशीनाशकात तर मुळीच मिसळायचं नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. आपण हिला 'औषध' म्हणतो आणि औषधासारखीच ठेवतो. पाकिटावर ग्रॅमला १० कोटी बीजाणू लिहिलेले असतात. पण खानदेशातल्या मे महिन्यात ते पाकीट पत्र्याच्या गोदामात पडून राहिलं, तर त्यातले जिवंत किती उरले हे बघून कळत नाही. शेतकरी मेलेली भुकटी फवारतो, अळी मरत नाही, आणि 'जैविक म्हणजे फसवणूक' असं गावभर होतं. दोष बुरशीचा नाही, साठवणुकीचा आहे.

आणि साठवणूक हा कृषीवाल्यांपेक्षा आपला विषय आहे! दुकानदाराला परवडेल अशी थंड पेटी मेकॅनिकलवाल्यांनी करावी. पाकिटांच्या खोक्यात तापमान नोंदणारं छोटं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बसवावं. आज संध्याकाळी हवा फवारणीजोगी आहे का, हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत कळवण्याचं काम कॉम्प्युटरवाल्यांचं. सरांना विनंती, की फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत हे तीन विषय टाकावेत. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम आतापर्यंत पुरेशा झाल्या!