पेटीतला आंबट वास

फिल्म की डिजिटल, हा आम्हा भिलाईच्या फोटो काढणाऱ्यांचा जुना वाद. वाद घालणारे एकमेकांच्या घरी चहा पितात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात कॅमेरा घेऊन उभे राहतात. त्यामुळे त्याचं भांडण होत नाही आणि तो मिटतही नाही. आजवर मी सोयीस्कर मधली बाजू घेतली. आज घेणार नाही.

फिल्मच्या बाजूने बोलणारे आमचे भाऊ. वयाने मोठे, आणि मे महिन्याच्या उन्हात डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तो वीस अंशांवर कसा आणायचा, हे मला शिकवणारे. त्यांच्याशी वाद घालायचा तर आधी त्यांचं खरं ते मान्य केलं पाहिजे.

त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा ब्लास्ट फर्नेसचा. रसरशीत लोखंड बाहेर पडतं तेव्हा डिजिटल कॅमेरा गडबडतो. त्याची प्रकाशाची एक हद्द असते. ती ओलांडली की तिथे कोरा पांढरा डाग उरतो आणि त्यातून मागाहून काही परत मिळत नाही. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश हळूहळू रिचवते, म्हणून भाऊंच्या प्रिंटमध्ये धारेच्या आतला पोतही दिसतो. मी एक्स्पोजर कमी ठेवून काम भागवतो, पण तशी धार मला अजून जमलेली नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. भाऊ म्हणतात, “छत्तीसच फ्रेम असल्या की माणूस विचार करून बटण दाबतो.” दाबतो, कबूल. पण त्या विचारात कोण बसत होतं? माझेच जुने रोल मी पुन्हा पाहिले. त्यांत पाहुणे आहेत, फीत कापणारे हात आहेत, निवृत्तीचे हार आहेत. ठेक्यावरचे मजूर नाहीत. सेक्टरच्या क्वार्टरमागे भांडी घासणाऱ्या बाया नाहीत. माझी आई एकाच फोटोत आहे, तोही वाकडा. फिल्म महाग होती, आणि जे महाग असतं ते आधी मोठ्यांच्या वाट्याला जातं. डिजिटल आल्यावर ही माणसं माझ्या फोटोंत आली. त्यात माझी नीती सुधारल्याचं श्रेय नाही, फ्रेम फुकट झाली एवढंच.

तिसरा मुद्दा, फिल्म खोटं बोलत नाही. भाऊ, हे तुम्ही म्हणावं? निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण भरायला तुम्हीच मला शिकवलंत. ग्रुप फोटोतून आजोबांना कापून, कोट चढवून, एकटं उभं करण्याची करामत आपल्या स्टुडिओंनी पिढ्यानपिढ्या केली. मराठी घरांतल्या भिंतींवर असे पूर्वज हार घालून अजून लटकताहेत. खोटेपणा हातात असतो, त्याला चांदीचे क्षारही अडवत नाहीत आणि सेन्सरही अडवत नाही.

इथवरचा वाद चहाबरोबर चालण्यासारखा आहे. पुढचा नाही.

भाऊंच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तीत चाळीस-पन्नास वर्षांच्या निगेटिव्ह आहेत: टाऊनशिपमधले गणपती, संप, नाटकांच्या तालमी, विदर्भातून हावडा लाइनने येऊन इथे रुजलेली घरं. मागच्या पावसाळ्यात त्यांनी ती माझ्यासमोर उघडली आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला. जुन्या फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागला की हा वास येतो. त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. कूज थंडीने मंदावते, थांबत नाही. आणि आपल्याकडे थंडी किती, उमस किती, हे सांगायला नको.

मी म्हटलं, स्कॅन करू. भाऊ म्हणाले, “स्कॅन म्हणजे फोटो नव्हे. आणि तुझी ती हार्ड डिस्क आठवते ना?”

आठवते. माझी पाच वर्षांची कामं एका सकाळी गेली. डबीत टिकटिक आवाज आला आणि संपलं. दुसरी प्रत नव्हती. हा टोला मला लागतो आणि लागायलाच हवा. पण त्यातून निघतं ते एवढंच, की एका जागी ठेवलेलं काहीही सुरक्षित नाही. डिस्क नाही, तशी पेटीही नाही. स्कॅन तीन ठिकाणी ठेवू, निवडक फोटो कागदावर छापू आणि निगेटिव्ह जपूनही ठेवू. तिला कोणी फेकून द्यायला सांगत नाही.

खरी घाई वेगळीच आहे. १९५९ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या सुमाराला आलेली पिढी आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. फोटोतला तिसऱ्या रांगेतला माणूस कोण, हे तीच सांगू शकते. माझ्या डिजिटल फाइलला तारीख, वेळ, लेन्स सगळं ठाऊक असतं, नाव ठाऊक नसतं. भाऊंच्या पाकिटांवर बारीक अक्षरात नावं आहेत, पण निम्म्याच. उरलेली त्यांच्या डोक्यात आहेत.

म्हणून भाऊ, फिल्म श्रेष्ठ हे मी उद्या लिहून देतो, हवं तर सही करून. पण पेटी उघडा. ज्या पाकिटांना वास येतोय ती आधी वेगळी काढू. मी स्कॅनर आणतो, तुम्ही चष्मा लावून बसा आणि नावं सांगा.