गटार आणि तिकीट



2024 चा एप्रिल. उधन्यातल्या आमच्या गल्लीचं गटार तुंबलेलं. पावसाळ्याआधी साफ व्हावं म्हणून बाबांनी नगरसेवकांना फोन लावला. "काका, आचारसंहिता आहे ना!" मागे प्रचाराचा भोंगा वाजत होता.

लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, निकाल 4 जूनला. म्हणजे तब्बल 80 दिवस! पण बंदी असते ती नव्या कामांच्या घोषणांवर, गटार साफ करण्यावर नाही. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून अप्रेझलच्या भाषेत सांगतो. नगरसेवकाचं पुढचं तिकीट पक्ष ठरवतो, म्हणून तो सभेला गर्दी जमवतो. आपण त्याचं काम बघतो पाच वर्षांतून एकदा, तेही शेवटचे दोन महिने!

सुरतेत 30 प्रभाग, प्रत्येकी 4 नगरसेवक. तुमच्या चौघांची नावं सांगता येतील? मला येत नव्हती. आता प्रत्येक तक्रारीची तारीख आणि मिळालेलं उत्तर फोनमध्ये लिहून ठेवतो. मत मागायला दारात आले की तेवढंच वाचून दाखवीन.